सोफा वाचवायचा तर मांजराला खांब द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'मांजर सोफा बोचकारते, काय करावे?' या प्रश्नाला घरगुती उपायांच्या सदरांतून आणि हल्ली त्याहून जास्त व्हॉट्सअ‍ॅपवरून जी उत्तरे फिरतात, ती वाचून हे पत्र लिहीत आहे. तिखटाचे पाणी शिंपडा, गादीखाली डांबराच्या गोळ्या ठेवा, कापूर चोळा, निलगिरीचे तेल लावा, फिनाइलने पुसून घ्या. सोफा वाचेल की नाही कोण जाणे, मांजर मात्र आजारी पडेल हे नक्की. मांजराच्या यकृतात (फिनाइलमध्ये असतात तशी) फिनॉलसारखी द्रव्ये निकामी करणारी यंत्रणा फार तोकडी असते. माणसाला किंवा कुत्र्याला जे सहज पचते ते तिच्या अंगात साचत राहते. त्यात मांजर दिवसातून कितीतरी वेळा स्वतःचे पंजे चाटते. म्हणजे सोफ्याच्या हातावर जे लावाल ते तासाभरात तिच्या पोटात जाते. डांबराच्या गोळ्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. निलगिरी आणि टी-ट्रीच्या तेलाने लाळ गळणे, लडखडणे, झटके येणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. तिखट डोळ्यांत गेले की काय होते ते सांगायला नको. लिंबू-संत्र्याच्या साली ठेवल्या तरी त्या वाळल्या की वास संपतो आणि मांजर पुन्हा जागेवर हजर. त्याच फळांचे बाटलीतले तेल मात्र वापरू नये.

मुळात मांजर खोडसाळपणाने किंवा सूड म्हणून सोफा फाडत नाही. नखावर बाहेरून एक जुने कवच असते, ते सोलून निघावे म्हणून तिला नख कशात तरी रुतवून ओढावे लागते. सोफ्याखाली झाडताना पोकळ, अर्धचंद्रासारखे पातळ तुकडे सापडतात ते हेच. झोपेतून उठल्यावर पाठ, खांदे ताणण्यासाठीही ती असेच करते. तिसरे कारण बहुतेकांना माहीत नसते. पंजाच्या बोटांमध्ये गंधग्रंथी असतात. ओढताना त्यांचा वास कापडावर उतरतो आणि ओरखडा व वास मिळून 'ही जागा माझी' अशी पाटी तयार होते. म्हणून मांजर परसातले झाड सोडून हॉलमधला सोफा धरते. पाटी लावायची तर जाण्या-येण्याच्या वाटेवर, घरातले सगळे बसतात तिथेच लावायची. शिवाय सोफा जड असतो, हलत नाही, त्याचा हात तिच्या उंचीला बरोबर येतो आणि कापडात नख छान रुतते.

यावरून उपाय उघड आहे. सोफ्याहून सरस जागा सोफ्याच्या शेजारीच द्यायची आणि काही आठवडे सोफा तिला नकोसा करून ठेवायचा. दोन्ही एकाच वेळी व्हायला हवे. नुसता सोफा झाकला तर ती पलंग धरते, आणि नुसता खांब आणून गॅलरीच्या कोपऱ्यात उभा केला तर त्यावर कपडे वाळत पडतात.

सुताराकडे जाण्याआधी एक काम करावे. सध्याचे ओरखडे नीट बघावेत. ते उभे आहेत की जमिनीलगत आडवे? सोफ्याच्या हातावर, दाराच्या चौकटीवर असतील तर मांजराला उभा खांब हवा. सतरंजी, पायपुसणे, गादीचा वरचा भाग बोचकारलेला असेल तर आडवी फळी हवी. सर्वात उंच ओरखडा जमिनीपासून किती वर आहे तो टेपने मोजावा आणि त्यात वीतभर मिळवावी. खांब किमान तेवढा उंच हवा. पूर्ण वाढलेल्या मांजराला हे माप तीन फुटांच्या आसपास येते. दुकानांत मिळणारे बरेचसे खांब दीड-दोन फुटांचे असतात, म्हणजे पिलाच्या मापाचे. बोका त्यावर एकदा पंजे टेकतो, खांब कलंडतो आणि पुन्हा तो त्याच्या वाटेला जात नाही. पैसे वाया गेले म्हणून दोष मांजराला.

घरी करायचा तर सोलापुरात त्याचे सगळे सामान मिळते. तीन इंच बाय तीन इंच जाडीचा, तीन फूट उंचीचा लाकडी खांब घ्यावा. सुताराकडून रंधा मारून चारही कोपरे गोल करून घ्यावेत, नाहीतर दोर कोपऱ्यावर घासून लवकर तुटतो आणि सपाट बाजूवर सैल बसतो. पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो पण गुळगुळीत असल्याने दोर त्यावरून घसरत खाली येतो. वापरायचाच तर आधी पॉलिश पेपरने चांगला खरबरीत करून घ्यावा. खाली 18 मिमीचा, दीड फूट चौरस प्लाय. प्लायच्या खालून तीन इंची चार स्क्रू खांबाच्या बुडात मारावेत. आधी बारीक भोक पाडावे म्हणजे लाकूड चिरत नाही, आणि स्क्रूची डोकी प्लायच्या आत बुडतील असे पाहावे. आता हा सगळा सांगाडा एक इंच जाडीच्या दीड फुटी शहाबादी फरशीवर सिलिकॉनने चिकटवून दिवसभर तसाच ठेवावा. या मापाची फरशी तेरा-चौदा किलो भरते, चार-पाच किलोचे मांजर कितीही लोंबकळले तरी खांब जागचा हलत नाही. आपल्याकडे जुन्या घराचे काम निघाले की अशा फरश्या भंगारात पडलेल्या असतात. फरशीच्या खाली जुन्या ट्यूबचे चार तुकडे लावले तर टाइल्सवर ओरखडे येत नाहीत आणि सरकणेही थांबते. झाल्यावर खांबाचे वरचे टोक हाताने जोर लावून ढकलून बघावे. जराही डुलला तर मांजराला तो मंजूर नाही असे समजावे.

दोराची निवड महत्त्वाची. घायपाताचा दोर सर्वात उत्तम, तो नाही मिळाला तर तागाचा. जाडी 6 ते 8 मिमी. काथ्याही चालतो, काही मांजरांना तोच आवडतो, पण त्याचा भुसा रोज झाडावा लागतो. दाराचे काथ्याचे पायपुसणे ज्या मांजराने आधीच पिंजून काढले आहे, तिने आपली निवड सांगितली आहे असे समजून काथ्याच घ्यावा. नायलॉनचे दावे नको. ते निसरडे असते, नख रुतत नाही. वरच्या अडीच फुटांवर 8 मिमीचा दोर गुंडाळायला 30 मीटर, म्हणजे वजनाने साधारण दीड किलो लागतो. 6 मिमीचा घेतला तर 40 मीटर धरावा. नव्या तागाला गिरणीत लावलेल्या तेलाचा, रॉकेलसारखा वास असतो. माणसाला तो जाणवेनासा झाला तरी मांजराला जाणवतो, म्हणून दोन-तीन दिवस उन्हात टाकावा. सोलापूरच्या उन्हाचा हा एक उपयोग.

गुंडाळायला खालून सुरुवात करावी. पहिले टोक मागच्या बाजूला यू-क्लिपने ठोकावे. दर आठ-दहा वेढ्यांनी फेविकॉलची एक उभी रेघ द्यावी आणि प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर हातोडीने हलकेच ठोकून बसवावा. फट राहिली की त्यात नख अडकते आणि दोन आठवड्यांत सगळा दोर सैल होतो. वरचे टोकही मागेच ठोकावे. लोंबणारे धागे, सुटी टोके कात्रीने कापून टाकावीत. हे केवळ नीटनेटकेपणासाठी सांगत नाही. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेने वळलेले असतात, तोंडात आलेला धागा तिला थुंकता येत नाही, ती गिळत जाते. लांब धागा आतड्यात गेला की आतडे चुण्या पडल्यासारखे गोळा होते आणि कधीकधी कापले जाते. ऑपरेशनशिवाय मार्ग उरत नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागून माग आहेत, सुताचे कोन आणि तुटके धागे पायाखाली असतात, तिथे तर ही काळजी अधिकच घ्यावी. मांजराच्या तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. तसेच्या तसे डॉक्टरांकडे न्यावे.

आडव्या फळीचे काम सोपे आहे. दोन फूट बाय एक फूट फळीवर गोणपाटाची तिहेरी घडी ताणून खालच्या बाजूने खिळे मारावेत. किंवा खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या दोन-दोन इंच रुंदीच्या पट्ट्या कापून, आतल्या नळ्या वर येतील अशा उभ्या लावून, एकमेकींना खळीने चिकटवाव्यात. कचरा होतो, पण खर्च जवळजवळ शून्य.

आता ठेवायचे कुठे? जो कोपरा फाटला आहे त्याच्या अगदी पुढ्यात, वीतभर अंतरावर. हॉलची शोभा जाते, मान्य आहे. फाटलेल्या सोफ्याने ती आधीच गेलेली असते. दुसरा खांब शक्य असेल तर तिच्या झोपायच्या जागेजवळ, कारण उठल्या उठल्या पहिला पंजा तिथेच मारला जातो. मांजर सलग तीन-चार आठवडे खांब वापरू लागले की मगच तो हवा तिकडे सरकवावा, तोही रोज चार बोटांपेक्षा जास्त नाही. काही मांजरे कितीही हळू सरकवला तरी परत सोफ्याकडे वळतात. त्यांचा खांब आहे तिथेच राहू द्यावा.

तिचे पंजे धरून खांबावर घासून 'शिकवणे' हा प्रकार टाळावा. मांजराला पंजे धरलेले आवडत नाहीत, ती खांबालाच घाबरू लागते. त्यापेक्षा काठीला बांधलेले पीस किंवा चिंधी खांबावरून वर-खाली फिरवावी. झेप घेताना नखे आपोआप दोरात रुततात. नखे रुतली की लगेच, दोन-तीन सेकंदांत, उकडलेल्या चिकनचा बारीकसा तुकडा द्यावा. उशिरा दिला तर तो कशासाठी मिळाला हे तिला कळत नाही. कॅटनिप या पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतीची वाळलेली पाने दोरावर चोळली तर निम्म्याहून अधिक मांजरांवर परिणाम होतो, सहा महिन्यांखालच्या पिलांवर सहसा होत नाही.

ओरडणे, वर्तमानपत्राची गुंडाळी आपटणे, पाण्याची पिचकारी मारणे यांतून मांजर एवढेच शिकते की माणूस समोर असताना सोफ्याला हात लावायचा नाही. रात्री तुम्ही झोपल्यावर ती निवांत काम उरकते.

सोफा नकोसा करायचा म्हणजे त्याचा स्पर्श बदलायचा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी रुंद टेप हा रूढ उपाय आहे आणि तो चालतोही, पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर गेला की टेपचा गोंद विरघळून कापडात उतरतो, आणि एरवी धुळीने ती आठवडाभरात बोथट होते. रेक्झिनवर तर आधी मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून बघावी, निघताना वरचा थर सोबत घेऊन येते. उन्हाळ्यात त्याऐवजी डायनिंग टेबलावर अंथरतात तो जाड पारदर्शक प्लास्टिकचा कागद मीटरवर आणावा, सोफ्याच्या हाताच्या मापाने कापावा आणि खालच्या व मागच्या कडांना पिना मारून ताणून बसवावा. नख घसरते, रुतत नाही. खांबाची सवय पक्की होईपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिने, तो काढू नये. बसवण्याआधी जुना वास घालवायला हवा. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून फडक्याने दोनदा पुसावे, मग साध्या पाण्याने, आणि पूर्ण वाळू द्यावे.

इथे सोलापूरकरांना एक खास सांगायला हवे. सोफा खराब होऊ नये म्हणून आपण त्यावर सोलापुरी चादर टाकतो, कुणी टर्किश टॉवेल टाकतो. दोन्ही आपल्या गावचा अभिमान, दोन्हींना भौगोलिक मानांकन, आणि मांजराच्या दृष्टीने दोन्ही निमंत्रणपत्रिका. चादरीचा जाड सुती पोत आणि नक्षीचे वर सुटलेले धागे यांत नख अगदी हवे तसे बसते. टॉवेल त्याहून वाईट, कारण त्याच्या प्रत्येक फासात नख अडकते. नखे वाढलेली असतील तर मांजर अडकून बिथरते आणि हिसड्याने नख मुळापासून दुखावते. झाकायचेच असेल तर घट्ट विणीचे, गुळगुळीत कापड घ्यावे. जुनी फाटकी चादर खांबाला गुंडाळायचा मोहही आवरावा. खांबावर आणि पलंगावर एकच पोत असेल तर कुठली चादर आपली आणि कुठली माणसांची, हा भेद तिने कसा करावा?

ओढले गेलेले धागे दुरुस्त होतात. चादरीचा धागा बाहेर आला तर तो कापू नये, कापला की नक्षीत भोक पडते आणि धुताना ते वाढते. बोथट सुईने किंवा क्रोशाच्या आकड्याने तो मागच्या बाजूला ओढून घ्यावा, मग आजूबाजूचे कापड दोन्ही दिशांना हलकेच ताणावे म्हणजे बराचसा धागा जागेवर जातो. टॉवेलचे उलट आहे. त्याचा लांबलेला फास बाकीच्या फासांच्या उंचीला कात्रीने कापला तरी खालची वीण धरून राहते.

नवीन सोफा शिवून घेणार असाल तर दुकानात कापडाच्या नमुन्यावर स्वतःचे नख ओढून पाहावे. आपले नख अडकले तर मांजराचे अडकणारच. जाड, सैल विणीची, खादीसारखी दिसणारी कापडे टाळावीत. आखूड लवेचे घट्ट मखमली किंवा मायक्रोफायबर कापड मांजरांना फारसे भावत नाही. वेताच्या खुर्च्यांबद्दल काही उपाय नाही. मांजर आणि वेत यांतले एकच घरात ठेवावे. खिडकीच्या डासांच्या जाळीवर चढणाऱ्या पिलांसाठी नायलॉनऐवजी स्टीलची जाळी बसवावी आणि पडदे पिलू सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत दीड-दोन फूट वर बांधून ठेवावेत.

नखे कापणे हा खांबाला पर्याय नाही, पण त्याने नुकसान बरेच कमी होते. मांजराला एकूण 18 नखे असतात, पुढच्या प्रत्येक पंजाला पाच, मागच्या प्रत्येकाला चार. सोफा फाडतात ती पुढची दहा. दर दोन-तीन आठवड्यांनी, मांजर पेंगुळलेले असताना, एक पंजा हातात घ्यावा आणि बोट वरून व पंजाच्या गादीखालून हलके दाबावे. नख बाहेर येते. उजेडात पाहिले तर मुळाकडे गुलाबी भाग दिसतो, ती रक्तवाहिनी. पुढचा आकडा पारदर्शक असतो. गुलाबी भागापासून दोन मिलिमीटर राखून फक्त आकडा कापावा. माणसाचे नेलकटर वापरायचे तर पाती वर-खाली येतील असे उभे धरावे, आडवे धरल्यास नख चेपून चिरते. चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर लावून दोन-तीन मिनिटे दाबून धरावे. एका बैठकीत दोनच नखे झाली तरी चालतील, झटापट करून अठरा कापण्यात शहाणपण नाही. अंगठ्याचे नख मात्र विसरू नये. ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, आणि म्हाताऱ्या मांजरांत गोल वळून गादीत घुसते. जे मांजर दिवसभर गच्च्यांवर, भिंतींवर हिंडते त्याची नखे मी कापायला सांगणार नाही. कुत्रा मागे लागला तर झाडावर चढायला तेवढाच आधार त्याच्याकडे असतो.

'नखेच कायमची काढून टाकता येतात का?' असेही विचारले जाते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून वाढते, म्हणून ते काढायचे तर ते हाडच कापावे लागते. माणसाच्या दहाही बोटांची शेवटची पेरे छाटण्यासारखे हे आहे. अशी काही मांजरे दुखण्यामुळे वाळूत शी-शू करणे सोडतात, आणि नख नाही म्हणून चावू लागतात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे प्राण्याचे अंग छाटणे हा गुन्हा आहे. पोत्यात घालून भाजी मंडईत किंवा हायवेलगतच्या ढाब्यावर मांजर सोडून येण्याबद्दलही तेच कलम आहे. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत पाळीव प्राणी टाकून देणे त्यात बसते. घरात वाढलेल्या मांजराची मंडईत हीच स्थिती होते.

आणखी दोन किरकोळ गोष्टी. एकापेक्षा जास्त मांजरे असतील तर जितकी मांजरे तितके खांब आणि वर एक, तेही वेगवेगळ्या खोल्यांत, नाहीतर दांडगा बोका एकमेव खांबावर हक्क सांगतो आणि बाकीच्या सोफ्याकडे वळतात. आणि खांब पिंजून निघाला म्हणून फेकू नये. दोर फाटू लागला की तो त्यांना अधिक आवडतो, त्यावर त्यांचा वास मुरलेला असतो. अगदीच लोंबू लागला तर आधी फक्त खालचा अर्धा दोर बदलावा, वरचा जुना ठेवावा, आणि नव्यावर पंजे पडू लागले की मग वरचा.

आपल्या गृहोपयोगी सदरांत प्राण्यांसंबंधीचे उपाय छापण्यापूर्वी ते एखाद्या पशुवैद्यकाच्या नजरेखालून घालावेत, एवढी विनंती आहे. निदान डांबराच्या गोळ्या आणि फिनाइल तरी त्या यादीतून गाळावे.

कळावे,
आपला एक वाचक,
सोलापूर